विणणारे हात रजेवर गेले तेव्हा

मागच्या महिन्यात इथल्याच, ओमानमधल्या खाबुऱ्याहून एका बाईंचा फोन आला. ओळख नव्हती, कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला होता. नवऱ्याला जीबीएस झालंय, दवाखान्यात आहेत, हातपाय हलत नाहीत, असं त्यांनी एका दमात सांगितलं. मग जरा थांबून विचारलं, "भाऊ, तुमचे हात परत आले ना?"

मी म्हणालो, "आले, ताई. सावकाश आले, आणि आल्यावर बरेच दिवस पाहुण्यासारखे वागले. पण आले."

त्या रडल्या, मग थोड्या हसल्या, आणि म्हणाल्या, "हे सगळं लिहून द्या ना. मी यांना वाचून दाखवते." म्हणून हे लिहितोय. यात औषधांची नावं नाहीत. मला ती तेव्हाही पाठ झाली नव्हती. आजाराचं पूर्ण नाव गुलेन-बारे. माझी मुलगी म्हणते, ऐकायला महागड्या अत्तरासारखं वाटतं.

ओमानमध्ये स्वेटर

मी मिलिंद. मूळचा नागपूरचा, पण बरीच वर्षं मस्कतला, अझैब्यात राहतो. मासळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत रेफ्रिजरेशन इंजिनिअर आहे. आमचं मोठं कोल्ड स्टोरेज सूर या बंदराच्या गावी आहे. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असतं आणि आत मी गोठलेल्या सुरमईच्या रांगांमधून फिरत असतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात हातावर स्वेटर टाकून घराबाहेर पडणारा माणूस म्हणून आमच्या बिल्डिंगचा वॉचमन मला ओळखतो. तो स्वेटर मी स्वतः विणलाय हे त्याला सांगितलं, तेव्हापासून तो जरा सांभाळूनच बोलतो.

हो, मी विणतो. आईनं शिकवलं. आई नागपूरला महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून विणायची. आम्ही तिघे भाऊ, मी थोरला. लोकरीची लड दोन्ही हातांवर ताणून धरायला घरी कुणीतरी लागायचं, आणि ते काम माझ्याकडे आलं. धरून धरून मी इतका कंटाळलो की शेवटी तिनं माझ्याच हातात सुया दिल्या. तेव्हापासून आमच्या घराण्यात कुणी स्वेटर विकत घेतलेला नाही. काहींनी प्रयत्न केला, मी घेऊ दिला नाही. दोन्ही भावजयांना लग्नात शाली, पुतण्यांना टोपरी, मेहुण्याला बिनबाह्यांचा स्वेटर. मेहुण्यानं तो लग्नाच्या वाढदिवसाला घालावा अशी माझी अपेक्षा असते. लग्नाचा वाढदिवस मे महिन्यात येतो, हा त्याचा दोष आहे.

घरच्यांची गोष्ट वेगळी. बायको सुजाता अमरावतीची. तिच्या कपाटात माझे स्वेटर इतके झालेत की साड्यांनी दुसरं घर शोधलंय. मुलगी यशोधरा, म्हणजे यशू, अकरावीत. जन्म इथलाच, शाळेत दिवसभर इंग्रजी, त्यामुळे मराठी जरा अडखळत. घरात मी एसी अठरावर ठेवतो, सुजाता तो पंचवीसवर नेते.

"बाबा," यशू एकदा म्हणाली, "लोक एसी लावते कारण की बाहेर हॉट असते. तुम्ही एसी लावता कारण की स्वेटर असते."

व्याकरण सोडलं तर चुकीचं काही नव्हतं.

चप्पल

उन्हाळा उतरायच्या बेतात होता. सूरहून येताना रस्त्यात काहीतरी खाल्लं आणि पोट बिघडलं. दोन दिवस अंथरूण, मग बरं वाटलं, विसरून गेलो. त्या वेळी मी एक शाल विणत होतो. धाकट्या भावाची, प्रशांतची मुलगी प्रज्ञा हिचं लग्न डिसेंबरात नागपूरला ठरलं होतं. डिसेंबरातलं लग्न म्हणजे माझ्यासाठी पर्वणी. शेवटी एकदा अशी नवरी मिळाली होती जिला थंडी वाजणार होती. मरून रंगाची लोकर, कडेला पानांची नक्षी.

एका संध्याकाळी टाके गळायला लागले. एक गळला, उचलला. पुढच्या ओळीत दोन. बोटांच्या टोकांना लोकर लागतच नव्हती, पातळ हातमोजे घालून विणतोय असं वाटत होतं. मी आधी लोकरीला नावं ठेवली, मग चष्म्याला, मग यशूच्या टीव्हीला.

"आता वय झालं तुमचं. ठेवा ते," सुजाता म्हणाली. तिच्या आवाजात थोडा आनंद होता, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून घरी आलो. सुजातानं दार उघडलं, माझ्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "दुसरी चप्पल कुठं आहे?"

मी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय अनवाणी. चप्पल कुठे निसटली, पार्किंगमध्ये की लिफ्टमध्ये, मला पत्ता नव्हता. तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालत आलो होतो आणि पायाला कळलं नव्हतं.

मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "गाडीची चावी द्या."

हातोडी

दवाखान्यात एक ओमानी डॉक्टरीणबाई होत्या. वय कमी, आवाज शांत, डोक्याला राखाडी रुमाल. त्यांनी छोट्या रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्यावर मारलं. गुडघा जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा मारलं. मी ओशाळून "सॉरी" म्हणालो.

मग पाठीच्या कण्यातून पाणी काढणं, नसांना विजेचे झटके देऊन बघणं, हे सगळं झालं. शेवटी त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजावं, बातमी उभ्यानं सांगण्यासारखी नाही. पोटाच्या आजाराशी लढायला शरीरानं जे सैन्य उभं केलं होतं, ते आता चुकून माझ्याच नसांवर चालून गेलं होतं. पाय, हात, कदाचित श्वासाचे स्नायूही. काही दिवस वाढत जाईल, मग थांबेल, मग हळूहळू परत येईल.

"सगळं परत येईल?" सुजातानं विचारलं.

"बहुतेकांचं येतं," त्या म्हणाल्या.

'बहुतेक' हा शब्द मी आयुष्यभर पावसाबद्दल आणि प्रमोशनबद्दल वापरला होता. स्वतःच्या हातांबद्दल तो पहिल्यांदाच ऐकला. मला एकच गोष्ट विचारावीशी वाटली. इंग्रजीत विचारलं, "आणि माझ्या नीडल्सचं काय?"

"नीडल्सची काळजी करू नका, आमच्या नर्सेस एक्स्पर्ट आहेत."

"ते नाही. मी घरी रोज नीडल्स वापरतो, त्या."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "घरी वापरता? किती वर्षांपासून?"

"लहानपणापासून."

"कोणी शिकवलं?"

"आईनं."

बाईंनी फार सावकाश सुजाताकडे बघितलं. माझ्या कोपरापाशी बाही वर करून तपासायला त्यांनी हात पुढे केला, तेव्हा सुजातानं कपाळावर हात मारला. "निटिंग, डॉक्टर! निटिंग! स्वेटर, स्वेटर!"

त्या बाई इतक्या हसल्या की रुमाल सावरावा लागला. सुजाताही हसली. मी त्या दोघींकडे बघत होतो आणि मला हसू येत होतं, पण गालाची एक बाजू साथ देत नव्हती. ते फक्त सुजाताला दिसलं. तिचं हसणं मधेच थांबलं.

नाक

आयसीयूचे दिवस मी थोडक्यात सांगतो.

पाय गेले, मग हात गेले. म्हणजे अंगाला लागूनच होते, पण माझं ऐकत नव्हते. दिवसातून अनेकदा मला एका श्वासात जमतील तितके आकडे मोठ्यानं म्हणायला सांगत. श्वासाच्या स्नायूंत किती जोर उरलाय ते त्यावरून कळतं. आकडा घसरला तर नळी घालून मशीनवर ठेवणार होते. तो रोज थोडा घसरत होता. सुजाता काचेपलीकडून माझे ओठ बघायची आणि बरोबर मोजायची. माझा श्वास संपला तरी तिचे ओठ पुढचा आकडा म्हणायचे, जणू तेवढा ती मला उसना देत होती.

मी घाबरलो होतो. मरणाला घाबरलो होतो, हे सरळ लिहितो, कारण खाबुऱ्याचे दादा हे ऐकतील तेव्हा तेही घाबरलेले असतील आणि कुणाला सांगत नसतील. दादा, सांगा. न सांगितल्यानं श्वास वाढत नाही.

पण भीतीहून जास्त छळ कुणी केला असेल तर नाकानं. हात हलत नाहीत हे नाकाला बरोबर कळतं. सकाळी उठल्याबरोबर ते खाजायला लागायचं. लिसी नावाची केरळची नर्स होती, तिला माझ्या भुवयांवरून समजायचं. ती येऊन कापसानं नाक खाजवायची आणि विचारायची, "लेफ्ट ऑर राइट, अंकल?" माझ्या नसांना जी औषधं दिली त्यांचे उपकार आहेतच, पण त्या कापसाचे मी जन्मभर विसरणार नाही.

मग एक दिवस आकडा घसरायचा थांबला. दुसऱ्या दिवशीही तिथेच राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खलास. आता खाली जायचं संपलं." मशीन लागलं नाही.

सालिम चाचा

वॉर्डात हलवलं तेव्हा शेजारच्या खाटेवर सालिम चाचा होते. जबल शम्स डोंगराखालच्या एका गावचे, पांढरी दाढी, शेळ्यांच्या मागे जाताना पडून मांडीचं हाड मोडलेलं. उमेदीची वर्षं मस्कतला भारतीय कामगारांबरोबर गेलेली, त्यामुळे हिंदी फर्मास आणि स्वतःची. त्यांचे मुलगे, पुतणे, जावई रोज खजूर आणि कॉफीचा थर्मास घेऊन येत आणि खाटेभोवती बैठक मांडत. सुजाता मला भरवायला लागली की ती सगळी बैठक माझ्याकडे वळायची. माणूस खातोय म्हटल्यावर एकटा वरणभात कसा खाईल? प्रत्येक घासाला एक खजूर. "यल्ला मुहंदिस, खाओ खाओ." यल्ला म्हणजे चला, मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. माझी साखर त्या काळात कशी नियंत्रणात राहिली हे वैद्यकशास्त्रानं शोधावं.

सुजातानं लोकरीची पिशवी वॉर्डात आणून ठेवली होती. मला बरं वाटावं म्हणून. मला ती बघवत नव्हती.

"ये किसका?" चाचांनी विचारलं.

"मेरा," मी म्हणालो, आणि नेहमीच्या हसण्याची वाट बघू लागलो.

चाचांनी मान डोलावली. "हमारे गाँव में भी आदमी बुनता है. मेरा बाप बुनता था, गालीचा. मैं भी." मग माझ्या चादरीवर पडलेल्या हातांकडे बघून म्हणाले, "तुम्हारा हाथ छुट्टी पे गया. मेरा टाँग भी. छुट्टी खलास होगा, आएगा. इन्शाल्ला."

इतक्या वर्षांत माझ्या विणण्याचं आश्चर्य न वाटलेला आईनंतरचा हा पहिला माणूस.

त्या दिवसांत घरची ओढाताण मला फार दिसत नव्हती. सुजाता सकाळी यशूचा डबा, मग तिची नोकरी, मग दवाखाना. ती माझ्यासमोर कायम ताठ. यशूनं मला एकदा सहज सांगितलं, "मम्मा पार्किंगमध्ये गाडीत रडते. मग लिपस्टिक लावते. मग वर येते." मी सुजाताला ते कधी विचारलं नाही. पण त्यानंतर तिची लिपस्टिक ताजी दिसली की मी एक घास जास्त खायचो.

व्हिडिओ कॉल

आईला काही सांगितलेलं नव्हतं. वय ऐंशीच्या पुढे, बीपी, घरात लग्न. प्रशांतनं ठरवलं होतं की तिला कळू द्यायचं नाही. पण दर शुक्रवारी मी तिला व्हिडिओ कॉल करतो, विणत विणत बोलतो, आणि ती माझ्यापेक्षा माझ्या हातांकडे जास्त बघते. दोनदा नेट खराब असल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा ती प्रशांतला म्हणाली, "मले त्याचे हात पाहायचे आहेत. तू मस्कतचं तिकीट काढ."

म्हणून यशूनं योजना आखली. खाट उभी करून मला बसवलं. यशू माझ्या मागे गुडघे मुडपून बसली आणि माझ्या काखेखालून तिनं आपले हात पुढे काढले. माझे हात चादरीखाली, वरून सुजाताचा दुपट्टा पांघरलेला, यशूच्या हातात सुया आणि मरून शाल. समोर सुजाता फोन धरून. मागे दवाखाना दिसू नये म्हणून चाचांच्या जावयानं पडदा ताणून धरला होता. चाचा स्वतः दिग्दर्शन करत होते. "हाथ थोडा ऊपर. बस. यल्ला!"

आईचा चेहरा आला. "काय रे बाबू, वाळला तू."

"डाएट करतोय, आई."

"शाल कुठपर्यंत आली?"

"अर्धी झाली."

आईनं चष्मा नाकावर ढकलला आणि स्क्रीनच्या जवळ आली. "सुया अशा काहून धरल्या? चमच्यासारख्या?"

"नवीन पद्धत आहे."

तेवढ्यात माझा चष्मा घसरला. यशूला वाटलं, तो सावरला तर सगळं अधिक खरं वाटेल. तिनं सुईसकट हात वर केला. मी जिवाच्या आकांतानं मान मागे घेतली. सुई माझ्या भुवईला घासून गेली आणि चष्मा कपाळावर जाऊन बसला.

आई स्क्रीनच्या आणखी जवळ आली. मग तिनं वर्गात वापरायचा तो आवाज काढला. "नखं काहून निळी आहेत तुझी?"

आम्ही कुणीच नेलपॉलिशचा विचार केला नव्हता.

"यशोधरा," आई म्हणाली, "मागून बाहेर ये."

माझ्या खांद्यावरून यशूचं डोकं वर आलं. "हाय आजी. टेन्शन नको घेऊ. बाबा एकदम ठीक आहे. फक्त हात आणि पाय नाही आहे."

"हात-पाय नाहीत?" आई किंचाळली.

"आहेत, आहेत!" सुजातानं फोन स्वतःकडे फिरवला. "आई, हात-पाय आहेत! फक्त हलत नाहीत!"

हे ऐकून आईला हायसं वाटेल असं तिला का वाटलं, ते तिलाच ठाऊक. जावयाच्या हातून पडदा सुटला. मागची सगळी बैठक, थर्मास, लटकवलेला चाचांचा पाय, सलाईन, सगळं आईला दिसलं. चाचांनी हात उंचावून "सलाम अलैकुम, माँजी" म्हटलं.

मग सुजातानं सगळं सांगितलं. आईनं ऐकलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "प्रशांतले मी नंतर पाहते." आणि मग, "सुजाता, तू जेवली का?"

सुजाता 'हो' म्हणायला गेली. इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. ती फोन हातात धरून ढसाढसा रडली, पार्किंगमध्ये नव्हे, सगळ्यांसमोर. चाचांच्या माणसांनी खाली माना घातल्या. आई पलीकडून म्हणत राहिली, "रड बाई, रड. मी आहे इथं."

रडणं ओसरल्यावर आईनं हुकूम सोडला. "लग्न काही थांबत नाही. शाल पोचली पाहिजे. बाबू, तुझं तोंड तर चालते ना? मग शिकव हिला."

"मला?" सुजाता डोळे पुसता पुसता थांबली.

टोचलं

ज्यांनी नवऱ्याकडून गाडी शिकली आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

"सुलट. सुलट. आता उलट. अगं, उलट म्हणजे लोकर पुढे घे."

"कोणाच्या पुढे?"

"सुईच्या."

"मग तसं सांगा ना. पुढे पुढे काय करून राहिले?"

मला आजवर हे कळलंच नव्हतं की मी विणतो कसा. ते बोटांना येत होतं, मला नाही. शब्दांत सांगायला गेलो की माझंच चुकायचं. पानांची नक्षी सोडून दिली, साधी वीण धरली. तरी शालीला मध्येच कंबर आली. एका ओळीत टाके कमी, दुसरीत कुठून तरी जास्त. आई शुक्रवारी स्क्रीनवरून बघायची, "वा वा" म्हणायची. मला सहा वेळा उसवायला लावणारी हीच ती आई.

एका दुपारी सुजाता फार थकलेली होती. ऑफिसात काहीतरी झालं होतं, यशूची परीक्षा तोंडावर होती. मी म्हणालो, "इथे टाका सुटलाय. तीन ओळी उसव."

"नाही उसवत."

"भोक दिसेल."

"दिसू दे."

"नवरीच्या अंगावर भोकाची शाल—"

"मला येत नाही हे!" ती उठली. "मला हे नव्हतं शिकायचं! मला घरी जायचं आहे, तुम्हाला घेऊन घरी जायचं आहे, आणि तुम्ही मला भोकं दाखवून राहिले!" आणि तिनं सुया, शाल, लोकरीचा गुंडा, सगळं माझ्या अंगावर फेकलं.

"आई गं," मी ओरडलो. "टोचलं ना!"

"टोचू दे!" ती म्हणाली.

मग ती माझ्या हाताकडे बघायला लागली. मीही.

एक सुई माझ्या उजव्या तळहातावर, अंगठ्याखाली टोक टेकून पडली होती. सुजातानं हळूच ती उचलली. "डोळे मिटा," ती म्हणाली. मी मिटले. ती सुईचं टोक हळूच एकेका जागी टेकवत गेली. "आता?"

"आता नाही."

"आता?"

"हो. अंगठ्याखाली."

"आता?"

"करंगळी. सुजाता, करंगळी!"

शेजारून चाचांनी बेल दाबून ठेवली होती. लिसीच्या जागी इथे जी नर्स होती ती धावत आली, तर चाचा तिला सांगत होते, "जल्दी करो, बीवी मुहंदिस को सुई से मार रही है."

तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुन्हा नीडल्स!"

पाहुणे

पुढचं सगळं संथ. ज्यांना आजच बरं व्हायचंय त्यांनी हा भाग वगळला तरी चालेल, पण दादा, तुम्ही वगळू नका. फिजिओथेरपीला जुवैना नावाची ओमानी मुलगी होती. तिनं मला मऊ रबरी गोळा दाबायला दिला. दिवसभर दाबून तो जेवढा दबायचा तेवढा लहान बाळानं सहज दाबला असता. पाय आधी आले, हात मागून. वॉकर धरून पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा चाचांच्या बैठकीनं टाळ्या वाजवल्या आणि मी लगेच बसलो.

घरी आल्यावर जास्त खचलो. दवाखान्यात सगळेच आजारी असतात, घरी मी एकटाच होतो. शर्टाची बटणं, दात घासणं, पाण्याचा ग्लास, प्रत्येक गोष्टीला 'सुजाता' अशी हाक. एसी पंचवीसवर होता आणि रिमोट उचलायची ताकद नव्हती. एकदा चिडून सुया हातात घेतल्या, एक टाकासुद्धा घालता आला नाही. दोन दिवस कुणाशी बोललो नाही. यशू येऊन शेजारी बसली, म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला बोअर करू का?" आणि तिनं मला केमिस्ट्री वाचून दाखवली. ते ऐकवेना म्हणून मी बोलायला लागलो.

लग्नाला मी गेलो नाही, डॉक्टरांनी परवानगी दिली नाही. सुजाता आणि यशू गेल्या. माझ्याकडे कंपनीतला एक मित्र राहायला आला. शाल गेली. पहिला अर्धा भाग पानांच्या नक्षीचा, मध्ये कंबर, एक भोक, मग सुजाताची साधी वीण. आणि शेवटचा हातभर तुकडा आईनं नागपूरला विणला, दुखऱ्या बोटांनी, कारण सुजाताकडून तेवढा राहून गेला होता. प्रज्ञानं ती अंगावर घेतलेला फोटो पाठवला. थंडीनं तिचं नाक लाल झालं होतं. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. भोक बरोबर खांद्यावर आलं होतं आणि प्रज्ञानं त्यावर गुलाब टाचला होता.

दोन कप

आता वर्ष होत आलं. पायांची बोटं अजून थोडी बधिर आहेत. कामावर जातो, कोल्ड स्टोरेजमध्ये जास्त वेळ थांबत नाही. विणतो, पण जाड सुयांवर आणि साधं. नक्षीला बोटं अजून राजी नाहीत. कधी होतील असं विचारलं तर डॉक्टरीणबाई पुन्हा 'बहुतेक' म्हणतात. मला आता त्या शब्दाची तेवढी भीती वाटत नाही.

परवा शुक्रवारी संध्याकाळी यशू मैत्रिणीकडे गेली होती. सुजाता सोफ्यावर पाय घेऊन बसली होती, मांडीवर पिवळी लोकर. प्रज्ञाकडे गोड बातमी आहे आणि टोपरं विणायची जबाबदारी सुजातानं परस्पर घेतली, मला न विचारता. मला चहा हवा होता.

"अगं, चहा—"

"श्श. टाके मोजून राहिली मी."

मी थोडा वेळ थांबलो. तिचे ओठ हलत होते, आवाज न करता. मग मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. आधण ठेवलं, साखर घातली, चहा टाकला, गाळला. थोडा ओट्यावर सांडला, तो पुसला. दोन कप भरले. आजारपणानंतर मी एका वेळी एकच कप न्यायचो, तोही दोन्ही हातांनी धरून. त्या दिवशी दोन्ही उचलले, एक एका हातात. हॉल तसा लहान आहे. पण मधे गालीचा आहे, त्याची कड आहे, आणि कप अगदी काठोकाठ होते.

सोफ्याशी पोचलो. सुजातानं वर पाहिलं. एका कपाकडे, मग दुसऱ्या कपाकडे, मग माझ्याकडे. तिचे ओठ मोजता मोजता थांबले होते.

"गेला आकडा," ती म्हणाली. "आता पुन्हा पहिल्यापासून."

आणि तिनं सुया बाजूला ठेवून कप घेतला.